हर्रासीत मिटणारा डोळा

माझा धंदा तोंडाचा. शेंदूरजनाघाटच्या संत्रा मंडीत मी हर्रास पुकारतो. बगीच्यातून माल येतो, त्याचे ढीग लागतात, आणि एकेका ढिगासमोर उभं राहून मी बोली चढवत नेतो. व्यापारी तोंडानं फार बोलत नाहीत. कुणी मान हलवतो, कुणी बोट उचलतो, कुणी नुसता डोळा बारीक करतो. ते सगळं टिपून पुढचा आकडा हाकायचा. या कामाला आवाज लागतो, नजर लागते, आणि त्याहून जास्त म्हणजे बगायतदाराला आणि व्यापाऱ्याला, दोघांनाही वाटावं लागतं की हा माणूस आपल्या विरुद्ध नाही.

हे आधीच सांगतो, कारण माझा आजार जिवावरचा नव्हता. चेहऱ्याची एक बाजू गेली, एवढंच. पण ज्याचं पोट चेहऱ्यावर चालतं त्याला ते ‘एवढंच’ सांगून पाहा. आता कुणाचं तोंड वाकडं झालं की आमच्या भागातली माणसं माझा पत्ता काढत येतात आणि त्याच त्या गोष्टी विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. औषधांची नावं मात्र मला विचारू नका. ती डॉक्टरांना विचारा.

‘प’ फुटेना

मार्च उजाडला होता, मृग बहाराच्या संत्र्यांचा हंगाम संपत आला होता. सकाळी चूळ भरली तर पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळून बनियनवर आलं. झोप झाली नसेल म्हणालो आणि मंडीत गेलो. पहिला ढीग पुकारायला घेतला, तर ‘पाचशे’मधला ‘प’ फुटेना. ओठ मिटतच नव्हते, नुसती हवा जात होती. व्यापारी हसायला लागले. मला नकला करायची खोड आहे, तेव्हा त्यांना वाटलं आज कुणाची तरी उडवतोय. त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि तेवढ्यात अन्वरशेठ पुढे आले. अन्वरशेठ म्हणजे आमचे अडते. त्यांच्याच अडतीवर मी पहिल्यापासून पुकारतो.

“मधुभाऊ, जरा डोये बंद करा.”

मी केले.

“दोनी करा ना.”

“दोनीच केले, शेठ.”

शेठनी हर्रास तिथंच थांबवली, मला गाडीत बसवलं, वाटेत घरून माझ्या बायकोला, कुसुमला घेतलं आणि गाडी थेट अमरावतीला काढली. मोर्शी मागं पडेपर्यंत ते मला सारखं बोलतं ठेवत होते. “काही बी बोला, गाना म्हना, पर चुप नका राहू.” नंतर कळलं की त्यांच्या वडिलांना लकवा झाला होता आणि ते असेच गाडीत गप्प होत गेले होते. त्या दिवशी मी त्यांना जुन्या हर्रासी म्हणून दाखवल्या, ‘प’ आणि ‘ब’ वगळून.

आठ्या

अमरावतीच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी सांगितलं, “कपाळाला आठ्या घाला.” आयुष्यात पहिल्यांदा हे मला कुणीतरी मुद्दाम करायला सांगत होतं. मी घातल्या. डावीकडं पडल्या, उजवं कपाळ सपाट राहिलं. डॉक्टर खूश झाले. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. माझं अर्धं कपाळ मेलं आणि या गृहस्थाला आनंद होतोय!

मग त्यांनी समजावलं. मेंदूतला झटका असेल तर कपाळ बहुतेक वेळा वाचतं. कपाळही गेलं, म्हणजे चेहऱ्याची नस सुजली असण्याचीच शक्यता जास्त. बहुतेक लोक यातून बरे होतात. कुसुमनं तेव्हा पहिल्यांदा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. पण तिथंच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथं लिहून ठेवतो: हे घरबसल्या आपलं आपण ठरवायचं नाही. तोंड वाकडं झालं की आधी दवाखाना, मग बाकीचं. आमच्या भागात आधी बाकीचे उपाय होतात, मग दवाखाना.

रक्तदाबही चढलेला निघाला, म्हणून दोन रात्री ठेवून घेतलं. दवाखान्याचे दिवस मला आठवतात ते डोळ्यात टाकायच्या थेंबांनी. पापणी मिटत नव्हती, म्हणून डोळा कोरडा पडायला नको. थेंब, मलम, आणि झोपताना पापणीवर चिकटपट्टी. सिस्टर कुसुमला पट्टी लावायला शिकवत होत्या आणि ती परीक्षेला बसल्यासारखी शिकत होती. चहा प्यायलो की अर्धा बाहेर. तिनं माझ्या हनुवटीखाली रुमाल धरायला सुरुवात केली, आणि पुढं कित्येक महिने धरला. एकदा तिला माझ्याकडं बघून हसू आलं. ते दाबताना ती रडायला लागली. मी म्हणालो, “हास ना, दोन्हीतलं एक काय ते कर.” मग आम्ही दोघं हसलो. माझं अर्धंच होतं, पण हसलो.

अकोल्याचं मशीन

सुट्टी देताना डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव दिलं होतं, भुयार मॅडम म्हणून. पण माझा साळा दिनकर अकोल्याहून आलेला होता, आणि त्यानं आधीच चौकशी करून ठेवली होती.

“भाऊजी, त्या मॅडम मशीनच लावत नाई म्हनतात. नुसता आरसा दाखवते. आरसा तं आपल्या घरीबी हाय! आमच्या अकोल्याले मस्त सेंटर हाय, करंट देते, हप्ताभरात फरक.”

कुसुमला अमरावतीच्या मॅडमकडे जायचं होतं. पण भाऊ तिचा, आणि तो आपलं कामधाम सोडून आलेला. बिचारीनं दोन्हीकडं पाहिलं आणि अकोल्याची पिशवी भरली. गेलो अकोल्याला, दिनकरकडं राहायला.

सेंटरमध्ये मशीन होतं. एक तरुण गाल ओला करून त्यावर पट्ट्या लावायचा, बटण दाबायचा आणि मोबाइल बघायला निघून जायचा. गाल टकटक उडायचा. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. काहीतरी होतंय असं वाटायचं. तो पोरगा काय शिकलाय, हे मी एकदाही विचारलं नाही. घरच्या नळाला फिटर बोलावतो तेव्हा शंभर प्रश्न विचारतो आपण, पण चेहरा त्याच्या हवाली केला होता.

त्यानं सांगितलं होतं, “जितका जास्त व्यायाम, तितकं लवकर.” एवढं ऐकल्यावर मी काय सोडतो! हर्रासीत आवाज चढवला की भाव चढतो, हेच आयुष्यभर पाहिलेलं. दिनकरच्या गच्चीवर उभा राहून मी ‘आ, ई, ऊ, ओ’ असं मंडीच्या आवाजात ओरडायचो. फुगे फुगवायचो. च्युइंगम चघळायचो. संध्याकाळी आरतीला शंख माझ्याकडं. शेजारची माणसं खाली उभी राहून बघायची. कुणी सल्ला दिला की तोही त्यात जमा.

तो अकोल्याचा उन्हाळा होता. जन्मात पहिल्यांदा मला ते ऊन आवडलं, कारण तिथं उन्हात प्रत्येक जण डोक्यातोंडाला दुपट्टा बांधूनच निघतो. मीही बांधायचो. रस्त्यावर सगळेच झाकलेले, माझं वाकडं तोंड कुणाला दिसत नव्हतं. भाजीबाजारात मी तासन्‌तास फिरायचो. दिनकरची बायको चिडायची, एवढी भाजी आणता कशाला म्हणून.

आणि चेहरा परत आला! हळूहळू पापणी मिटली, ओठाचा कोपरा उचलला. कुसुम रोज सकाळी मला ‘पोपट’ म्हणायला लावायची. एका सकाळी दोन्ही ‘प’ स्वच्छ निघाले, तर ती ओट्यावरून ओरडली, “दिनू, अरे भाऊजी बोलले!” पेढे वाटले. मी सुटलो असं समजलो.

वानखडेबाईंचा ढीग

दिवाळीच्या आधी आंबिया बहाराचा माल सुरू झाला आणि मी मंडीत परतलो. लोकांनी हार घातला, आणि पहिल्याच ढिगाला मी पुन्हा जुना मधुकर झालो. चारपाच दिवस मजेत गेले.

मग वानखडेबाईंचा माल आला. जवळच्या गावच्या या बाई बगीचा स्वतः बघतात आणि हर्रासीला स्वतः येऊन उभ्या राहतात. माल चांगला होता. मी “बोलाऽ” म्हणत चढवत नेत होतो, आणि समोर दिल्लीकडचा एक नवा व्यापारी होता, तो माझ्याकडं बघून सारखा मंद हसत होता. बोली एका जागी अडकली, ढीग त्याच्या नावावर तुटला, म्हणजे सौदा पक्का झाला. भाव पडेल मिळाला.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मधुभाऊ, तुमी त्याले डोया काहून मारून राहिले?”

“कोनाले?”

“त्या दिल्लीवाल्याले. मी पाहून राहिली ना. तुमी ‘बोला’ म्हनता आन्‌ डोया मिचकावता. त्याले काय सांगून राहिले, चढवू नको, याच भावात तुले तोडून देतो म्हनून?”

मला हसू आलं, मग घाम फुटला. तो व्यापारीही खिशात हात घालून माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, “भाईसाब, इशारा समझ गया था.” त्याला खरोखर वाटलं होतं की मी त्याला खूण करतोय.  अन्वरशेठनी खिशातून मोबाइल काढला आणि कॅमेरा माझ्याकडं फिरवला. “बोला म्हना.” मी म्हणालो. पडद्यावर माझाच चेहरा होता. ‘बो’साठी ओठ गोल झाले आणि त्यासरशी उजवा डोळा मिटला. पुन्हा म्हणालो, पुन्हा मिटला. मी मिटत नव्हतो. तो मिटत होता.

हे कुणाला पटवून सांगणार? हर्रास पुकारणारा डोळा मारतो, याच्यापुढं कुठलाही खुलासा चालत नाही. संध्याकाळी अन्वरशेठ घरी आले. बराच वेळ कपाशीच्या गोष्टी केल्या. मग म्हणाले, “मधुभाऊ, मले तुमच्यावर शक नाई. पर मंडीले हाय. काही दिवस आराम करा.”  त्या माणसाला ते सांगणं किती जड गेलं असेल, हे मला त्यांच्या चपला घालण्यावरून कळत होतं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा या आजाराची खरी भीती वाटली. आवाज परत आला होता, तोंड परत आलं होतं, आणि विश्वास गेला होता.

पाणी कमी सोडा

आता कुसुमनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या भुयार मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेली. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, मूळच्या भातकुलीकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांनी खरंच मशीन लावलं नाही. समोर आरसा ठेवला आणि मला हसायला, ओठ गोल करायला, गाल फुगवायला सांगितलं. प्रत्येक वेळी डोळ्याकडं बघत होत्या.

“काका, बगीच्याले पानी देता ना दांडानं? दांड फुटला तं काय होते? ज्या वाफ्याले जायचं त्याले जात नाई, शेजारच्यात शिरते. तुमची नस परत वाढली, पन ओठाचं थोडं पानी डोयाच्या वाफ्यात शिरून राहिलं.”

“मंग आनखी जोर लावू?”

“जोर लावू नका बाप्पा! जोरानं तं दांड आनखी फुटते. पानी कमी सोडायचं.”

मी गच्ची, फुगे आणि शंख सगळं सांगितलं. मला वाटलं झापतील. त्या म्हणाल्या, “तुमच्यामुळंच झालं असं मी म्हननार नाई. नस जास्त दुखावली का काही लोकायले हे होतेच. पन एवढा जोर नोता पाहिजे.” ते एक वाक्य मला औषधापेक्षा जास्त लागू पडलं. दिनकरला फोन करून मी तेच सांगितलं, कारण तो बिचारा आपल्यामुळं झालं म्हणून जेवत नव्हता.

मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड व्यायाम: कमी करणं. हसायचं, पण चौथाई. ओठ गोल करायचे, पण डोळा हलायच्या आत थांबायचं. डोळा कधी हलायला लागतो ते आरशात पकडायचं. थोडं करायचं, मग चेहरा ढिला सोडायचा. मॅडम बोटांनी गालाचे आखडलेले भाग मोकळे करायच्या. ज्या माणसानं आयुष्यात कधी हळू बोलून पाहिलं नाही, त्याला त्यांनी कुजबुजत हर्रास पुकारायला लावली. शेजारच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक मास्तर पाय वाकवत होते. त्यांनी कुजबुजतच बोली लावली. खांद्याच्या दुखण्यासाठी येणाऱ्या आजींनी त्यांच्यावर बोली चढवली. आजी दुखरा हात वर करूनच बोली द्यायच्या, म्हणून मॅडमनी तो लिलाव रोज चालू ठेवला. असे किती काल्पनिक ढीग मी तिथं विकले!

तिथं बसून मी त्यांचा धंदाही पाहिला. फोन यायचे, “मॅडम, घरी येऊन मालिश करता का?” “कोनती मशीन हाय तुमच्याकडं?” एकदा फोन ठेवून त्या म्हणाल्या, “काका, मशीन कोनती हाय ते सगळे विचारतात. मी काय शिकली ते कोनीच नाई विचारत.” मी खाली बघितलं. मीही विचारलं नव्हतं. शिकलेले आणि न शिकलेले एकाच पाटीखाली बसतात, आणि पेशंटला फरक कळत नाही. तेव्हा माझं एवढं ऐका: जो तुमच्या अंगाला हात लावणार आहे, त्याचं शिक्षण विचारायला लाजू नका. जो खरा शिकलाय त्याला त्याचा राग येत नाही. मी विचारलं तेव्हा भुयार मॅडमना उलट आनंदच झाला.

रोज अमरावतीला जाणं जमेना, तेव्हा त्यांनी मोबाइलवर बघायला सुरुवात केली. आमच्याकडं नेटवर्क फक्त गच्चीत. कुसुम एका हातात मोबाइल आणि एका हातात आरसा धरून उभी, आणि मी खुर्चीत बसून चौथाई हसतोय. एकदा तिचा हात दुखून आला आणि ती भडकली, “आता हासून टाका ना पुरं एकदा!” मॅडम तिकडून म्हणाल्या, “काकू, तुमी बसून घ्या, मोबाइल पाटावर ठेवा.” त्या दिवसापासून कुसुमसाठीही एक खुर्ची गच्चीत गेली. इतक्या महिन्यांत ते कुणालाच, मलाही, सुचलं नव्हतं.

एकदा मी सरळ विचारलं, “पुरा बरा होईल का डोळा?”

“तसं वचन मी देनार नाई,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ कमी होईल. थोडा राहीलबी. राहिला तं लोकायले सांगून टाका.”

मला ते पटलं नाही. सांगून टाकायला तो काय मुलीचा साखरपुडा होता?

पुन्हा मंडी

हिवाळा सरला. पुन्हा मृग बहार लागला. ‘बोला’ म्हणताना डोळा आता पूर्ण मिटत नव्हता, पण थकलो की अर्ध्यावर यायचा. अन्वरशेठनी बोलावून घेतलं. म्हणाले, “जसा हाय तसा या.” मी आलो, ढिगासमोर उभा राहिलो. समोर व्यापारी, मागं बगायतदार, सगळ्यांची नजर माझ्या उजव्या डोळ्यावर. मग मी ते केलं जे मला पटलं नव्हतं.

“ऐका होऽ! पुकारायच्या आधी एक सांगतो. माह्या तोंडाले लकवा झाला होता. हा उजवा डोया माह्या ऐकन्यात नाई. बोलता बोलता मिटते. तो कोनाले इशारा नोय. ज्याले पाहाचं त्यानं हा डावा पाहा. आन्‌ ज्याले तरी शक असन, त्यानं आपला ढीग दुसऱ्याकडून पुकारून घ्या, मी वाईट मानत नाई.”

 मी पुकारायला लागलो. हळू, मॅडमनी शिकवल्यासारखं, आवाज पोटातून आणि ओठ कमीत कमी. काही ढीग तुटले. माणसं डाव्या डोळ्याकडं बघत होती, आणि एकदोघांना त्यात गंमत वाटत होती.

तेवढ्यात वानखडेबाईंची गाडी आली. माल उतरायच्या आधी पलीकडच्या अडतीचा मुनीम धावत त्यांच्याकडं गेला.

“बाई, आमच्याकडं टाका माल. इथं अजून तोच हाय, डोयावाला.”

बाईंनी आधी मला पाहिलं. मी तोंड फिरवलं नाही. डोळा त्याच वेळी लवला, मला जाणवलं.

“नाई,” बाई त्या मुनीमाला म्हणाल्या, “इथंच उतरवा. याचा कोनता डोया खोटा हाय ते यानं सांगून देल्लं. तुमचा कोनता खोटा हाय, ते मले कुठं माईत हाय?”